स्पीकर दोन, आवाज मधोमध : स्टिरिओचा शोध लावणारा इंजिनिअर आणि तुमची दहा बाय बाराची खोली

वाशिम असो, कारंजा असो की रिसोड, घरात नवी साउंड सिस्टीम आली की प्रश्न एकच असतो. स्पीकर ठेवायचे कुठे? बहुतेक घरांत उत्तरही ठरलेलं असतं. एक टीव्हीच्या बाजूला आणि दुसरा वायर पुरेल तिथे. कधी फ्रिजवर, कधी खिडकीत, कधी थेट कपाटावर.

दोन-चार दिवसांनी तक्रार सुरू होते. आवाज मोठा आहे पण मजा येत नाही. गायक डावीकडच्या डब्यातच अडकून बसलाय. तबल्याचा डग्गा नुसता घुमतोय. मग लोक आणखी मोठे स्पीकर बघायला दुकानात जातात.

पण बऱ्याचदा दोष स्पीकरचा नसतो, जागेचा असतो. दोन स्पीकर का लागतात आणि ऐकणाऱ्यानं कुठे बसायचं, याचं गणित लंडनमधल्या एका २८ वर्षांच्या इंजिनिअरनं १९३१ सालीच मांडून ठेवलंय. त्याचं नाव ॲलन डॉवर ब्लूमलाइन. आज मोबाईलच्या इअरफोनपासून थिएटरपर्यंत सगळीकडे ऐकू येणाऱ्या स्टिरिओ आवाजाचा पाया त्यांनी घातला. पण वयाच्या ३८ व्या वर्षी ते गेले, तेव्हा बाजारात स्टिरिओची एकही रेकॉर्ड विकायला आलेली नव्हती.

वाचता येत नव्हतं, पण बेल दुरुस्त करता यायची

ब्लूमलाइन यांचा जन्म २९ जून १९०३ चा, लंडनच्या हॅम्पस्टेड भागातला. वडील सेमी ब्लूमलाइन मूळचे जर्मनीचे, खाणकामातले इंजिनिअर. आई जेसी डॉवर ही दक्षिण आफ्रिकेत काम करणाऱ्या एका स्कॉटिश मिशनऱ्याची मुलगी.

त्यांच्या लहानपणाचा एक किस्सा नेहमी सांगितला जातो. सात वर्षांच्या ॲलननं घराच्या दाराची बिघडलेली बेल दुरुस्त केली आणि वडिलांच्या हातात रीतसर बिल ठेवलं. त्यावर नावाखाली हुद्दा लिहिला होता, इलेक्ट्रिकल इंजिनिअर.

गंमत म्हणजे हाच मुलगा वाचनात फार मागे होता. बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत त्याला नीट वाचता येत नव्हतं असं सांगतात. पण एकदा गाडी रुळावर आली आणि त्यानं वेग घेतला. हायगेट शाळेतून शिष्यवृत्ती मिळवून तो लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजात गेला आणि पहिल्या वर्गात पदवी घेऊन बाहेर पडला.

एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जाऊ नये म्हणून

१९२४ साली ब्लूमलाइन इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत लागले. काम होतं लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांचं. तेव्हा मोठी डोकेदुखी अशी होती, की शेजारून जाणाऱ्या दोन तारांमधलं बोलणं एकमेकांत मिसळायचं. एकाचं संभाषण दुसऱ्याला ऐकू जायचं. ही गळती कमी करायचे उपाय ब्लूमलाइन यांनी शोधले. दोन आवाज शेजारी ठेवायचे पण मिसळू द्यायचे नाहीत, ही सवय त्यांना इथे लागली आणि पुढे कामाला आली.

१९२९ मध्ये ते कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आले. तिथे आयझॅक शोएनबर्ग यांनी त्यांच्यावर एक अवघड काम सोपवलं. रेकॉर्डवर खाच कोरणाऱ्या यंत्राचं पेटंट अमेरिकेतल्या बेल लॅबकडे होतं आणि प्रत्येक रेकॉर्डमागे त्यांना पैसे द्यावे लागायचे. ब्लूमलाइन यांनी वेगळ्या तत्त्वावर चालणारं स्वतःचं यंत्र बनवलं. पैसे वाचलेच, वर आवाजही सुधारला.

१९३१ साली कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी यांचं विलीनीकरण होऊन ईएमआय ही कंपनी तयार झाली. मराठी वाचकाला हे नाव परकं वाटायचं कारण नाही. कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचं चित्र असलेल्या एचएमव्हीच्या रेकॉर्ड याच घराण्यातल्या. नाट्यगीतं आणि भावगीतं घरोघरी पोहोचली ती मुख्यतः या रेकॉर्डवरून. नागपूरहून आलेले भावगीत गायक जी. एन. जोशी यांनी मुंबईत याच एचएमव्हीमध्ये अनेक वर्षं ध्वनिमुद्रणाचं काम सांभाळलं.

सिनेमा बघताना खटकलेली गोष्ट

१९३१ मध्ये बोलपट नवीन होते. ब्लूमलाइन एकदा डोरीन लेन यांच्यासोबत सिनेमाला गेले होते. दोघांचं पुढे १९३३ मध्ये लग्न झालं.

पडद्यावर नट एका कडेकडून दुसऱ्या कडेला चालत होता, पण त्याचा आवाज मात्र एकाच जागेवरून येत होता. प्रेक्षकांना त्याचं काही वाटत नव्हतं. ब्लूमलाइन यांना ते खटकलं. आवाज माणसाच्या मागोमाग फिरवता येईल आणि तो कसा हे आपल्याला सुचलंय, असं त्यांनी डोरीन यांना तिथल्या तिथे सांगितलं.

१४ डिसेंबर १९३१ ला त्यांनी पेटंटचा अर्ज केला. त्यात ७० दावे होते. १९३३ मध्ये तो मंजूर झाला आणि त्याला ३९४३२५ हा क्रमांक मिळाला. ब्लूमलाइन यांनी स्टिरिओ हा शब्द वापरला नव्हता. ते त्याला दोन कानांचा आवाज या अर्थाचं नाव द्यायचे.

डबे दोन, कान दोन, पण गणित वेगळं

आवाज कुठून आला हे माणसाला कसं कळतं? आपले दोन कान साधारण १५ ते १८ सेंटीमीटर अंतरावर आहेत. आवाज उजवीकडून आला तर तो उजव्या कानात किंचित आधी पोहोचतो. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा असतो. शिवाय डोकं मध्ये आल्यामुळे पलीकडच्या कानात बारीक, तीव्र स्वर थोडे हळू पोहोचतात. या दोन खुणांवरून मेंदू दिशा ठरवतो.

म्हणजे डावीकडचा आवाज डाव्या कानाला आणि उजवीकडचा उजव्या कानाला द्यायचा, झालं की! हेडफोनमध्ये हे चालतं. पण समोर दोन स्पीकर ठेवले की प्रत्येक कानाला दोन्ही स्पीकर ऐकू येतात. टेलिफोनच्या तारांसारखीच गळती.

ब्लूमलाइन यांची कमाल इथे आहे. ही गळती हवेतच होणार आणि ती थांबवता येणार नाही, हे त्यांनी मान्य केलं आणि तिचाच वापर केला. दोन्ही स्पीकरमधून एकाच क्षणी तोच आवाज सोडायचा, फक्त एकात थोडा मोठा आणि दुसऱ्यात थोडा लहान. दोन्हीकडचे आवाज कानाशी एकत्र येतात तेव्हा मोठेपणातल्या त्या फरकातून, खालच्या स्वरांमध्ये, नेमका तसाच वेळेचा फरक तयार होतो जसा खऱ्या आवाजामुळे झाला असता. मेंदू फसतो. दोन डब्यांच्या मध्ये, जिथे काहीच नाही तिथे, त्याला गायक उभा दिसायला लागतो.

पण या सगळ्याला एक अट आहे. दोन्ही स्पीकरचा आवाज ऐकणाऱ्यापर्यंत एकाच वेळी पोहोचला पाहिजे. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. तुम्ही एका स्पीकरपासून फक्त एक फूट जवळ सरकलात, तर त्याचा आवाज सेकंदाच्या जवळपास हजाराव्या भागाएवढा आधी येतो. कानांमधल्या सगळ्यात मोठ्या फरकापेक्षाही हे जास्त झालं. मेंदू लगेच ठरवतो की सगळं गाणं त्याच डब्यातून येतंय. फ्रिजवरचा आणि खिडकीतला स्पीकर मिळून कधीच स्टिरिओ का होत नाहीत, त्याचं हे कारण.

आता हेच दहा बाय बाराच्या खोलीत

वर सिमेंटचा स्लॅब, खाली टाइल्स, चारही भिंती गुळगुळीत. आपल्याकडची नेहमीची खोली अशीच असते. अशा खोलीत ब्लूमलाइन यांचं गणित कसं बसवायचं?

पहिलं काम त्रिकोणाचं. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं, या तिघांमधलं अंतर सारखं ठेवा. दहा फुटांच्या भिंतीसमोर दोन्ही स्पीकर मांडा. प्रत्येक स्पीकर बाजूच्या भिंतीपासून दोन फूट आत घेतला, की दोघांमध्ये सहा फूट उरतात. मग प्रत्येक स्पीकरपासून सहा फुटांवर, बरोब्बर मधल्या रेषेवर बसा. टेप नसेल तर सुतळीही चालेल. या कामात डोळ्याच्या अंदाजावर विसंबू नका.

दुसरं काम मागच्या भिंतीचं. खालचे स्वर स्पीकरच्या समोर जातात तसे मागेही जातात, भिंतीवर आदळून परत येतात आणि पुढे जाणाऱ्या आवाजात मिसळतात. एका ठरावीक स्वराला हा परतलेला आवाज नेमका उलटा पडतो आणि तो स्वर खाऊन टाकतो. स्पीकरचं तोंड भिंतीपासून दोन फुटांवर असेल, तर खड्डा साधारण १४० हर्ट्झला पडतो. काळी एक पट्टीत गाणाऱ्या गायकाचा षड्ज असतो साधारण १३९ हर्ट्झ! म्हणजे ज्या सुरावर सगळं गाणं उभं आहे, तोच पातळ होतो.

स्पीकर अर्धा फूट पुढे घेतला तर हा खड्डा ११० हर्ट्झच्या आसपास सरकतो. तो पूर्ण जात नाही, फक्त जागा बदलतो. म्हणून स्पीकर तीन-तीन इंच पुढे-मागे करून, नेहमीचं गाणं लावून ऐकायचं. मागच्या भिंतीचं आणि बाजूच्या भिंतीचं अंतर मात्र सारखं ठेवू नका, नाहीतर दोन्ही भिंती मिळून एकाच स्वरावर घाव घालतात.

तिसरं काम तुमच्या बसण्याच्या जागेचं. बारा फूट लांबीच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्झचा आवाज दोन भिंतींमध्ये अडकून घुमतो. दहा फुटांच्या रुंदीत तेच ५६ हर्ट्झला होतं. हा घुमारा भिंतीला टेकून बसल्यावर सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि खोलीच्या मधोमध सगळ्यात कमी. म्हणून दिवाण मागच्या भिंतीला चिकटवू नका आणि खोलीच्या अगदी मध्यातही बसू नका. स्पीकर समोरच्या भिंतीपासून अडीच फुटांवर असतील, तर वरच्या त्रिकोणानुसार तुमची जागा त्या भिंतीपासून पावणेआठ फुटांच्या आसपास येते. पाठीमागे सव्वाचार फूट मोकळे राहतात. हे छान जमतं. स्पीकर कोपऱ्यात ठेवले तर मात्र घुमारा सगळ्यात जास्त वाढतो.

चौथं काम उंचीचं. बारीक स्वर काढणारा छोटा स्पीकर तुमच्या कानाच्या उंचीवर हवा. खाली गादीवर मांडी घालून बसत असाल, तर कान जमिनीपासून सव्वादोन ते अडीच फुटांवर येतात. तेव्हा स्पीकर कपाटावरून उतरवून चौरंगावर किंवा घट्ट स्टुलावर ठेवा.

पाचवं काम बाजूच्या भिंतींचं. तुम्ही जागेवर बसा आणि घरातल्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथूनच त्याचा आवाज आपटून तुमच्याकडे येतो. त्या जागी जाड गोधडी, पडदा किंवा पुस्तकांचा रॅक आला की गायकाची जागा जास्त स्पष्ट होते. लोखंडी कपाट तिथे ठेवू नका.

शेवटी वायर. दोन्ही स्पीकरच्या लाल-काळ्या वायर सारख्याच जोडल्यात ना, हे बघा. एकाची उलटी असेल तर खालचे स्वर गायब होतात आणि गायक कुठे उभा आहे तेच कळत नाही. आणि हो, विदर्भातल्या उन्हाळ्यात ही सगळी जुळवाजुळव करताना पाच मिनिटं कूलर बंद ठेवा. त्याच्या घरघरीत बारकावे ऐकू येणार नाहीत.

सगळं बसलं की नाही, हे तपासायला महागडी रेकॉर्ड लागत नाही. बालगंधर्वांचं एखादं जुनं नाट्यगीत लावा. ते मोनो आहे, म्हणजे दोन्ही स्पीकरमध्ये अगदी सारखाच आवाज जाणार. मांडणी बरोबर असेल तर आवाज दोन्हींपैकी एकाही डब्यातून न येता मधल्या मोकळ्या जागेतून येतो. तो एका बाजूला ओढला जात असेल, तर पुन्हा सुतळी हातात घ्या.

प्रयोग झाले, पण विक्री नाही

ब्लूमलाइन यांना हे सगळं फक्त कागदावर ठेवायचं नव्हतं. एकाच खाचेत दोन आवाज कोरायची युक्ती त्यांच्या पेटंटमध्येच होती. खाचेच्या दोन उतरत्या भिंती, एकीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा. टेलिफोनमधला जुना धडा इथे कामी आला. दोन्ही आवाज एकमेकांना खेटून, तरी वेगळे. आवाज पकडण्यासाठी त्यांनी दोन मायक्रोफोन काटकोनात, एकाच जागी ठेवायची पद्धत सुचवली. ती आजही त्यांच्याच नावानं ओळखली जाते.

१९३३ च्या शेवटी अशा रेकॉर्ड कोरल्या गेल्या. १९३४ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत थॉमस बीचम यांचा वाद्यवृंद मोत्सार्टच्या एका सिंफनीची तालीम करत होता, तीही स्टिरिओत रेकॉर्ड झाली. पुढे १९३५ मध्ये छोट्या फिल्म तयार केल्या. एकीत माणसं बोलत बोलत इकडून तिकडे जातात आणि आवाज त्यांच्यासोबत जातो. दुसरीत हेज स्टेशनातून जाणाऱ्या रेल्वेगाड्या आहेत. सिनेमागृहात खटकलेली गोष्ट चार वर्षांत सुटली होती.

पण तो मंदीचा काळ होता. रेकॉर्डची विक्री घसरली होती आणि दोन-दोन स्पीकर विकत घेणार कोण? ईएमआयनं हे काम बाजूला ठेवलं. ब्लूमलाइन यांना टेलिव्हिजनकडे वळवण्यात आलं. त्यांच्या चमूनं ४०५ रेषांची संपूर्ण इलेक्ट्रॉनिक पद्धत उभी केली. २ नोव्हेंबर १९३६ ला बीबीसीचं टेलिव्हिजन प्रसारण सुरू झालं, तेव्हा ही पद्धत आणि जॉन बेअर्ड यांची पद्धत आळीपाळीनं वापरली जायची. काही महिन्यांतच बेअर्ड यांची पद्धत बंद झाली आणि ईएमआयची राहिली.

साधारण पंधरा वर्षांच्या नोकरीत ब्लूमलाइन यांच्या नावावर १२८ पेटंट जमा झाली. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये आजही वापरल्या जाणाऱ्या काही रचना त्यांच्याच.

७ जून १९४२

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि ब्लूमलाइन रडारच्या कामात गेले. रात्री, ढगांच्या वरून उडणाऱ्या विमानाला खालची जमीन पडद्यावर दिसावी, असं एक यंत्र तयार होत होतं. एच-टू-एस त्याचं नाव. काम अतिशय गुप्त.

७ जून १९४२ ला या यंत्राची चाचणी घेण्यासाठी एक हॅलिफॅक्स विमान उडालं. ब्लूमलाइन स्वतः त्यात होते. सोबत ईएमआयचे सहकारी सेसिल ब्राउन आणि फ्रँक ब्लाइथेन होते. उड्डाणात इंजिनाला आग लागली आणि वेल्श बिकनर गावाजवळ विमान कोसळलं. त्यातले अकराही जण गेले. इंजिनातला एक नट नीट आवळला गेला नव्हता, असं पुढे तपासातून समोर आलं.

घरी डोरीन होत्या, दोन लहान मुलं होती. पण शत्रूला सुगावा लागू नये म्हणून ही बातमी दाबून ठेवण्यात आली. इंग्लंडच्या सगळ्यात हुशार इंजिनिअरपैकी एक गेला होता आणि देशाला ते माहीतही नव्हतं. त्यांनी ज्यासाठी जीव गमावला ते रडार १९४३ च्या सुरुवातीला प्रत्यक्ष वापरात आलं.

नाव उशिरा, शोध घरोघरी

स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या त्या १९५८ च्या सुमारास. खाचेच्या दोन भिंतींवर दोन आवाज, ही ब्लूमलाइन यांचीच रचना जगभर स्वीकारली गेली. तोपर्यंत त्यांच्या पेटंटची मुदत संपली होती. त्यांच्या कुटुंबाला किंवा कंपनीला त्यातून काही मिळायचा प्रश्नच उरला नव्हता.

मान मिळाला, पण फार उशिरा. २०१५ मध्ये आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेनं ॲबी रोड स्टुडिओत त्यांच्या कामाची पाटी लावली. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर टेक्निकल ग्रॅमी मिळाला. पेटंटच्या अर्जानंतर ८५ वर्षांनी.

ब्लूमलाइन यांनी विचाराची सुरुवात यंत्रापासून केली नव्हती. ऐकणाऱ्याच्या दोन कानांपासून केली होती. म्हणून त्यांच्या शोधात ऐकणारा माणूस हाही यंत्राचाच एक भाग आहे. तो चुकीच्या जागी बसला, तर लाखाचे स्पीकरही नुसते दोन डबे. योग्य जागी बसला, तर साध्या स्पीकरमधूनही गायक समोर येऊन बसतो. त्यामुळे नवे स्पीकर घ्यायला बाजारात जाण्याआधी, घरात आहेत तेच एकदा मोजून मांडून बघा.